तीन नायक, एकही नकार नाही

गेल्या महिन्यात एक इंग्रजी कादंबरी वाचली. नाव सांगत नाही, कारण त्या जातीच्या शेकड्यांनी आहेत आणि माझं भांडण त्या एकीशी नाही. साल 1814, जागा लंडन. नायिका तेवीस वर्षांची. वडील वारलेले, राहतं घर कुठल्याशा दूरच्या चुलतभावाकडे जाणार. तिच्याभोवती तीन पुरुष: एक ड्यूक, एक आरमारातला कप्तान आणि एक डॉक्टर. दीडशेव्या पानाच्या सुमाराला शयनगृहाचं दार लागतं, पण लेखिका आपल्याला बाहेर ताटकळत ठेवत नाही, आत घेऊन जाते. पुढे आणखी दोन दारांतून नेते. आणि शेवटच्या पानावर नायिका तिघांतला एक निवडत नाही. तिघेही तिचेच राहतात, एकाच हवेलीत, गुण्यागोविंदाने.

अशी पुस्तकं वाचणाऱ्यांची स्वतःची परिभाषा आहे. शृंगार उघडा असेल तर पुस्तक 'स्पायसी', आणि किती उघडा ते मिरच्यांच्या चित्रांनी सांगायचं. नायिकेने कुणालाच न सोडण्याच्या प्रकाराला 'व्हाय चूज' म्हणतात, निवडायचंच कशाला! आणि 'रीजन्सी' म्हणजे 1811 ते 1820 ही इंग्लंडमधली नऊ वर्षं. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला, युवराज त्याच्या वतीने रीजंट म्हणून कारभार पाहू लागला, त्यावरून हे नाव. ज्यांनी 'ब्रिजर्टन' ही मालिका पाहिली आहे त्यांना झगे, बग्ग्या आणि नाचाचे दिवाणखाने डोळ्यांसमोर येतीलच.

हे पुस्तक मी आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यासाठी सुचवलं. आधी हशा पिकला. मग एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." दुसऱ्या एकांनी "घरी वाचायला हरकत नाही, चर्चेला कशाला?" अशी मधली वाट काढली. गंमत अशी की दोनच महिन्यांपूर्वी त्याच खोलीत आम्ही एका मराठी कादंबरीवर दीड तास बोललो होतो. तिच्या नायकाची चार लफडी होती, आणि त्याला सगळ्यांनी मिळून 'अस्तित्वाचा शोध' म्हटलं होतं. वर चहाही झाला होता.

माझा वाद त्या गृहस्थांशी आहे, पण त्या कादंबरीशीही आहे. ते पुरुष मोजत होते आणि मिरच्या मोजत होते. मी चारशे पानांत एक 'नाही' शोधत होते. ते मिळालं नाही.

आधी गृहस्थांचं बघू. 'बायकांनी असलं वाचावं का' ही काळजी जुनी आहे आणि ती नेहमी दुसऱ्याच्या वतीने केली जाते. 1960 साली लंडनमध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर खटला चालला. सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारलं, हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेलं तुम्हाला चालेल का? ज्यूरीत बायकाही बसल्या होत्या, हे बहुधा त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. प्रकाशक निर्दोष सुटले. पण तेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली कायम केली. त्यासाठी वापरलेली कसोटी 1868 सालच्या एका इंग्रजी खटल्यातली: ज्यांची मनं अशा गोष्टींनी बिघडू शकतात, त्यांच्यावर काय परिणाम होईल? बिघडू शकणारं मन कधीच न्यायाधीशाचं नसतं, वकिलाचं नसतं आणि आमच्या कट्ट्यावरच्या गृहस्थांचं तर नसतंच नसतं.

मराठीला हे खटले काही परके नाहीत. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देत, म्हणून त्यांना कोर्टात खेचलं गेलं. 1934 साली त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी खटला हरलाच. मर्ढेकरांच्या कवितांवर खटला झाला. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962 सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि तिचा निकाल लागायला 1969 साल उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असं ठरवलं. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची ती गोष्ट. म्हणजे तीन अधिक एक ही बेरीज आपल्याला नवी नाही. नवं आहे ते एवढंच की या इंग्रजी कादंबऱ्यांत एक ती आहे आणि तीन ते.

इथे कुणीतरी द्रौपदीचा दाखला काढणार. कट्ट्यावर निघालाच. मला तो कधी पटला नाही. स्वयंवरातली पैज जिंकली एकाने, वाटणी झाली सासूच्या एका वाक्याने, आणि या सगळ्यात द्रौपदीला 'तुझं काय म्हणणं आहे' असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पाच नवरे असणं आणि पाचांतून निवडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ज्या गोष्टीबद्दल बोलतेय ती दुसरी.

त्या काळाच्या इंग्लंडमध्ये ही दुसरी गोष्ट बाईकडे कितपत होती? त्याच काळातल्या जेन ऑस्टिन या कादंबरीकार बाईने एका वाक्यात सांगून ठेवलंय. 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये हेन्री टिल्नी लग्नाची तुलना नाचाशी करतो आणि म्हणतो, दोन्हीकडे पुरुषाला निवडीची सोय, बाईला फक्त नकाराची ताकद. तो हे थट्टेत म्हणतो. थट्टा अशासाठी चालते की ते खरं आहे. मुलगी बसून राहणार, कुणीतरी येऊन विचारणार, मग ती हो किंवा नाही म्हणणार. 'हो' म्हटल्यावर पुढचं सगळं कायदा बघून घेणार: लग्न झालेल्या बाईची कायद्याच्या लेखी वेगळी ओळख उरत नसे, तिचा पैसाअडका आणि कमाई नवऱ्याची. श्रीमंत बाप लग्नाआधी वकिलांकडून करार करून थोडंफार राखून ठेवत; ज्यांना बाप नाही किंवा बापाकडे पैसा नाही त्यांचं राखायला कोण होतं? घटस्फोट हवा तर संसदेत खास विधेयक मंजूर करून घ्यावं लागे, आणि 1857 साली कायदा बदलेपर्यंत तसा तो मिळवलेल्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच.

त्याच काळातली आणखी एक चीज सांगायलाच हवी, कारण 'अनेक प्रियकर' या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. विवाहित बाईचे दुसऱ्याशी संबंध निघाले तर नवरा त्या दुसऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू शके. जणू मालाची नासधूस झाली. खटला दोन पुरुषांत चाले. जिच्यावरून चालला ती पक्षकारच नव्हे. 1809 साली लॉर्ड पॅजेट हेन्री वेलस्लीच्या बायकोबरोबर पळून गेला. वेलस्लीला कोर्टाने 24,000 पौंड मिळवून दिले. आणि खुद्द रीजंट? त्याने 1785 साली मारिया फिट्झहर्बर्टशी गुपचूप लग्न केलं, जे कायद्याला मान्य नव्हतं. 1795 साली राजकन्या कॅरोलाइनशी रीतसर केलं. मधल्या आणि नंतरच्या काळातल्या बायका वेगळ्या. हा गृहस्थ 1820 साली राजा झाला आणि त्याच वर्षी त्याच्या सरकारने बायकोवर व्यभिचाराचा ठपका ठेवून तिला राणीपदावरून दूर करायचं विधेयक आणलं. लंडनचे रस्ते तिच्या बाजूने उभे राहिले आणि सरकारला ते विधेयक गुंडाळावं लागलं.

अशा जगात बाईकडे असलेलं एकच हत्यार म्हणजे 'नाही', आणि तेही महागडं. ऑस्टिनच्या कादंबऱ्या मला त्यासाठीच आवडतात. तिथे नकाराची किंमत पौंडांत छापलेली असते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कॉलिन्स नावाचा पाद्री नायिका एलिझाबेथला मागणी घालताना तिला ऐकवतो की तुझ्या नावावर पुढेमागे येणार ते चार टक्क्यांच्या रोख्यांतले हजार पौंड. ती तरी नाही म्हणते. मग वर्षाला दहा हजारवाल्या डार्सीलाही एकदा नाही म्हणते. आणि तिची मैत्रीण शार्लट, वय सत्तावीस, रूप बेताचं, कॉलिन्सला हो म्हणते, कारण तिच्याकडे 'नाही' परवडण्याइतके पैसे नाहीत. हे तीन प्रसंग शेजारी ठेवले की त्या समाजाचं अख्खं अर्थशास्त्र कळतं. ऑस्टिनला ते पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. 1802 साली तिला एका खानदानी वारसाने मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी उठून मागे घेतला. पुढे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने 110 पौंडांना विकले. पहिल्या पुस्तकावर तर तिचं नावही नव्हतं, नुसतं 'एका बाईने लिहिलेलं'.

आता माझ्या तीन नायकांकडे वळते. त्यांच्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ड्यूककडे पैसा आणि घर. कप्तानाकडे धाडस आणि दूरदेशच्या गोष्टी. डॉक्टरकडे माया, तो ऐकून घेतो, पाय चेपून देतो. रीजन्सीतल्या बाईला पैसा, आसरा, सोबत, शरीरसुख, संभाषण हे सगळं एकाच पुरुषाकडून मिळवावं लागे, आणि तो पुरुष चुकला की सगळंच चुकलं. लेखिकेने ते काम तिघांत वाटून दिलंय. तिघांची बेरीज केली की एक बरा नवरा होतो. मला हे वाचताना हसू आलं, पण त्यामागचं दुखणं खरं आहे. एकाच माणसाकडून सगळं मिळावं ही अपेक्षा आजही मोडून पडतेच की. त्यामुळे 'अनेक नायक' ही कल्पना मला मुळात चावट वाटत नाही. ती व्यवहारी वाटते.

खटकतं ते पुढचं. नायिका कुणालाच नाही म्हणत नाही. तिला नाही म्हणायची वेळच येऊ नये अशी लेखिकेने चोख व्यवस्था केली आहे. ड्यूक हेकट नाही. कप्तान मत्सरी नाही. डॉक्टरला स्वतःचं मत म्हणून नाही. मागणी घालणारा कुणी कॉलिन्स आसपास फिरकत नाही. घर गेलं तरी शंभर पानांत त्याहून मोठं मिळतं. म्हणजे बाईच्या हाती इतिहासाने जी एक ताकद दिली होती, ती या कादंबरीने काढून घेतली आणि बदल्यात लाडू दिले. लाडू चांगले आहेत, मी खाल्ले. पण जी कधी नाही म्हणत नाही तिचा 'हो' मला ऐकू येत नाही, मग तो तीनदा का असेना.

याच 1814 सालातली एक खरी मुलगी सांगते. रीजंटची एकुलती एक मुलगी, शार्लट, इंग्लंडच्या गादीची पुढची वारस. वय अठरा. बापाने तिचं लग्न ऑरेंजच्या राजपुत्राशी ठरवलं होतं. त्याच्याशी लग्न म्हणजे अर्धं आयुष्य हॉलंडात. तिच्या आयुष्यात त्या सुमारास आणखीही पुरुष होते, एक तरुण कप्तान, एक प्रशियाचा राजपुत्र. कादंबरीला पुरतील इतके. जूनमध्ये तिने ऑरेंजला नाही म्हटलं. बाप संतापला, तिच्या सख्या-दासी काढून टाकायला निघाला, तेव्हा ही मुलगी जुलैतल्या एका संध्याकाळी घरातून धावत रस्त्यावर आली, भाड्याची घोडागाडी थांबवली आणि आईकडे निघून गेली. भावी राणी, भाड्याच्या गाडीत! दुसऱ्या दिवशी तिला परत यावं लागलं, पण ऑरेंज गेला तो गेलाच. 1816 साली तिने लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राशी लग्न केलं, स्वतःच्या पसंतीने, आणि ते सुखाचं ठरलं.

दीड वर्ष ठरलं. 1817 सालच्या नोव्हेंबरात ती बाळंत व्हायला आली. जवळजवळ पन्नास तास कळा. 5 तारखेच्या रात्री मुलगा झाला तो मेलेला, आणि 6 तारखेच्या पहाटे ती गेली. एकवीस वर्षांची होती. देशातला उत्तम वैद्य उशाशी बसलेला होता. त्याने पुढे काही महिन्यांत स्वतःला गोळी घालून घेतली.

मराठी माणसाला ती 5 नोव्हेंबर 1817 ही तारीख ओळखीची आहे, पण वेगळ्या कारणाने. त्याच दिवशी दुपारी खडकीची लढाई झाली, आणि पेशव्यांच्या फौजेने पुण्यात संगमावरचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनचा बंगला त्याच्या पुस्तकांसकट जाळला. पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला. त्या मोहिमेतल्या लुटीची वाटणी कशी करायची यावरून इंग्रज सेनापतींची वर्षानुवर्षं लंडनमध्ये भांडणं चालली, आणि ती लूट सांभाळणाऱ्या विश्वस्तांत होता वेलिंग्टनचा ड्यूक. रीजन्सीतला सगळ्यांत नावाजलेला हा ड्यूक जन्माने ड्यूक नव्हता. तो हेन्री वेलस्लीचाच भाऊ, आणि त्याने नाव कमावलं आपल्या असईच्या लढाईत, 1803 साली. माझ्या कादंबरीतल्या ड्यूकच्या हवेलीत काश्मिरी शाली आहेत, महोगनीची टेबलं आहेत, चहात साखर आहे, पण यातलं काही कुठून आलं याचा उल्लेख नाही. ऑस्टिन मात्र दोन ओळींत सांगून जाते. 'मॅन्सफिल्ड पार्क'मधली आळशी लेडी बर्ट्रम भाच्याला हिंदुस्थानच्या सफरीवर पाठवायचं मनात आणते, कारण तिला शाल हवी असते; मग म्हणते, एक नको, दोन आणू दे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त कर्नल ब्रँडन हिंदुस्थानात राहून आलेला, आणि तरणाबांड विलोबी त्याच्या गप्पांची टिंगल करतो: नबाब, सोन्याच्या मोहरा आणि पालख्या. शब्दसुद्धा आपले. 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या पर्वात मुंबईहून आलेल्या शर्मा भगिनी दाखवल्या, ते मला आवडलं. पण आडनाव शर्मा, बापाला 'अप्पा', थोरलीला 'दीदी' आणि धाकटीला बंगाली 'बोन', हे सगळं एकाच घरात ऐकून मला वाटलं, मुंबई तेव्हापासूनच इतकी सर्वसमावेशक होती तर!

तर माझी तक्रार अशी: शृंगार भरपूर आणि हिशेब शून्य. चारशे पानांत, तीन पुरुषांबरोबर, एकदाही कुणाला दिवस जाण्याची धास्ती वाटत नाही. त्या काळात बाईच्या शरीरसुखाला जी सगळ्यांत मोठी भीती चिकटलेली होती, जिच्यातून राजकन्या सुटली नाही, ती इथे नुसती खोडून टाकली आहे. ती ठेवली असती तर तेच प्रसंग किती धीट झाले असते. मिरच्या कमी नाहीत. मीठ नाही.

आणि इथेच मी परत गृहस्थांकडे येते, कारण ही टीका करता यावी म्हणून पुस्तक चर्चेला घ्यावं लागतं. लपवून वाचलेल्या पुस्तकावर टीका होत नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मिल्स अँड बून वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत असू. लायब्ररीवाले काका ते मुकाट नोंदवून घेत आणि मान वर करत नसत. तेव्हा त्यातला नायक नायिकेचं मनगट पिरगाळायचा आणि आम्हाला ते प्रेम वाटायचं. कुणाशी बोलायची सोयच नव्हती, तर 'हे चूक आहे' असं कोण कुणाला म्हणणार? अमेरिकेत उघड्या शृंगाराच्या ऐतिहासिक प्रेमकथांची लाट आली ती 1972 सालच्या ज्या कादंबरीने, तिच्यात नायक नायिकेवर सुरुवातीलाच बळजबरी करतो आणि पुढे तोच नवरा म्हणून गोड मानून घ्यायचा असतो. बरीच वर्षं हाच साचा चालला. आजच्या कादंबऱ्यांतला नायक विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. हा बदल न्यायालयांनी घडवला नाही की संस्कृतिरक्षकांनी नाही. वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या बायकांनी एकमेकींशी उघडपणे भांडून तो घडवला. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने 1984 साली अमेरिकेतल्या एका गावातल्या अशा वाचक बायकांवर पुस्तक लिहिलं. त्या तिला सांगत होत्या की कथेइतकंच वाचत बसणं महत्त्वाचं. हातात पुस्तक असलं की तेवढा वेळ घरातल्यांनी आपल्याकडे काही मागायचं नाही. म्हणजे पुस्तकात नकार नसेलही कदाचित, पण ते उघडून बसण्यात एक होता.

'मग मराठीत लिहा की असं,' असंही एकजण म्हणाले. उपहासाने म्हणाले, पण प्रश्न रास्त आहे. मराठीत शृंगार लिहायला बसलं की शब्द हाताला लागत नाहीत. एकीकडे संस्कृत शब्द, ज्यांनी प्रसंगाचं शरीरशास्त्राचं पुस्तक होतं, दुसरीकडे शिव्या. मधली भाषा कुठे गेली? ती होती. लंडनमध्ये रीजंट नाचत होता त्याच वर्षांत दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर लावण्या रचत होते, आणि त्यांतली बाई 'मी' म्हणून बोलते, हवं ते मागते, रुसते, बोलवते. त्याच्याही कितीतरी आधी 'गाथासप्तशती'तल्या बायका महाराष्ट्री प्राकृतात शेजारणीला सगळं सांगून मोकळ्या होतात. फरक इतकाच की लावणीतल्या त्या 'मी'च्या मागे लेखणी पुरुषाची आणि समोर बैठक पुरुषांची. पुढे शिकलेल्या घरांनी लावणी दाराबाहेर ठेवली आणि तिच्याबरोबर ते शब्दही गेले.

बायकांनी लेखणी घेतली तेव्हा काय झालं ते आठवा. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनात काय चालतं एवढंच त्यात होतं, आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. ही बाई कोण, बाई तरी आहे का, यावर लोक तावातावाने बोलत होते. ते लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर टोपणनावाआड राहिल्या. ऑस्टिनच्या 'एका बाईने लिहिलेलं'नंतर सव्वाशे वर्षं होत आली होती. गौरी देशपांडे मात्र स्वतःच्या नावाने लिहीत राहिल्या: नवरा आहे, दुसरा पुरुष आहे, आणि मध्ये उभी असलेली बाई दोघांनाही प्रश्न विचारते आहे. बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड त्यांनी मराठीत आणले, शृंगारासकट. र. धों. कर्व्यांची ही पुतणी. घराणं कामाला आलं म्हणायचं. त्यांच्या नायिका हो म्हणतात तेव्हा धाडकन ऐकू येतं, कारण आधी दोन पानांवर त्यांनी कुणाला तरी नाही म्हटलेलं असतं. मराठीत ही वाट आहे. तिच्यावर फारशी वर्दळ झाली नाही, आणि माझ्या भाचीच्या वयाच्या मुली आपली हौस इंग्रजीत भागवतात. मोबाइलवर वाचतात, त्यामुळे कव्हर घालायचीही गरज उरलेली नाही.

शेवटी कट्ट्याने मत घेतलं. पुस्तक एका मताने पडलं. पुढच्या महिन्याला एका माजी अधिकाऱ्यांचं आत्मचरित्र आहे.

पण निघताना आमच्या कट्ट्यावरच्या सगळ्यांत ज्येष्ठ काकूंनी मला जिन्यात गाठलं. वय अठ्ठ्याहत्तर, तीन बाळंतपणं, एक गर्भपात, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. म्हणाल्या, "आण ते पुस्तक इकडे." आठ दिवसांनी परत द्यायला आल्या तेव्हा चष्मा काढून हातात धरला होता.

"वाचलं. बरं आहे. तो कप्तान चांगला रंगवलाय." मग थोडं थांबून, "काय गं, तिघांतला एक डॉक्टर होता ना? त्याला तरी सुचायला नको होतं, की या पोरीला दिवस जातील म्हणून?"

मी म्हटलं, काकू, हेच मी परवा कट्ट्यावर बोलणार होते.

"मग बोलली का नाहीस?" त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून छत्री काढत विचारलं, "दुसरा भाग आलाय का याचा?"